चिंचोके बायका, शेंगदाणे पुरुष

निवृत्त माणसाला लोक विचारतात, "काय करत होता तुम्ही?" मी सांगतो, रेल्वेत होतो. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. पण एखादा चिवट निघतोच. "रेल्वेत म्हणजे? तिकिटं? पार्सल? लोको?" मग मला खरे सांगावे लागते. सोलापुरात रेल्वेच्या साहेब लोकांची एक इन्स्टिट्यूट होती. तिथे महिन्यातून एकदा नाच होई. त्या नाचाला जितके पुरुष तितक्याच बायका याव्यात, हे पाहणे माझे काम होते. एवढे ऐकल्यावर समोरचा माणूस एकतर हसतो, नाहीतर आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणतो. दोन्हींची मला सवय झाली आहे.

पहिल्यांदा हे सांगतो की तो नाच आपल्याकडच्यासारखा नव्हे. आपल्याकडे नाचणारे नाचतात आणि बाकीचे बघतात. साहेबांच्या नाचात सगळेच नाचतात, बघणारा कोणी नसतो. एक पुरुष आणि एक बाई मिळून जोडी होते, पियानो वाजतो, जोड्या फरशीवर गोल फिरतात, पियानो थांबला की पुरुष बाईला खुर्चीपर्यंत पोहोचवतो, वाकतो आणि दुसरीकडे जातो. बाईच्या हातात एक घडीचा कागद असतो, त्याला ते प्रोग्रॅम म्हणत. त्याला दोऱ्याने बारीक पेन्सिल बांधलेली असे. कितवा नाच कोणाबरोबर, ते त्यात पुरुषांनी येऊन आपापल्या नावाने लिहायचे. फरशी गुळगुळीत व्हावी म्हणून तिच्यावर मी शंखजिऱ्याची पांढरी पूड टाकत असे. वाईट असे त्यात मला काही दिसले नाही. दमायला मात्र फार होई.

माझे वडील मंद्रूपचे, मेंढरे राखणारे. त्यांनी मला मामाकडे नवी पेठेत शिकायला ठेवले आणि मी इंग्रजी चौथीपर्यंत गेलो, म्हणून इन्स्टिट्यूटमध्ये आधी पुस्तकांच्या कपाटावर आणि मग आमंत्रणाच्या कामावर लागलो. एकदा आप्पा मला भेटायला आले तेव्हा मी त्यांना माझे काम समजावून सांगितले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून खाली ठेवली आणि विचारले, "किती बापय आन् किती बाया?"

"सारखे पायजेत."

"सारखे? साठ मेंढरामागं दोन एडके लई झाले की. सारखे घातल्यावर टकरा हुतील, न्हाय तर काय!"

"आप्पा, हितं एडकेच जास्त हायत."

"मंग पोरा, तुजं काय खरं न्हाय," आप्पा म्हणाले, आणि घोंगडी उचलून मंद्रूपच्या बाजाराला गेले.

त्यांचे खरेच होते. पुरुष कायम जास्त असत. लोको शेडचे बिनलग्नाचे ड्रायव्हर आणि फायरमन, गिरण्यांतले विलायती मास्तर, पोलिसांचे सार्जंट, झालेच तर होटगी जंक्शनवरून येणारी मंडळी. बायका म्हणाल तर यांच्यातल्या काहींच्या बायका, वयात आलेल्या मुली आणि मिशन दवाखान्यातल्या नर्स. पुरुष चार जरी जास्त झाले तरी ते भिंतीला टेकून उभे राहत, मग बारकडे जात आणि तिथून आले की कोणाच्या तरी प्रोग्रॅमवरच्या नावावरून भांडण काढत. बायका जास्त झाल्या तर त्या खुर्च्यांवर बसून राहत, पंख्याने वारा घेत आणि हसत. भांडण होत नसे, म्हणून साहेब लोकांना ते संकट वाटतच नसे. मला ते जास्त वाईट वाटे. अडीच तास नुसते हसत बसणे सोपे नाही.

आमचे सेक्रेटरी होते फ्रेझर साहेब. मेल गाडीचे गार्ड. गाडीच्या डब्यांसारखीच माणसेही मोजता येतात असा त्यांचा विश्वास होता. त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी. नाचाच्या पंधरा दिवस आधी पहिल्या यादीला छापील कार्डे जायची. कार्डाखाली 'उत्तर कळवावे' असे छापलेले असे. लोक होय-नाही कळवत. उत्तर न देणारा माणूस हा माझा वैरी. त्याच्यासाठी फ्रेझर साहेबांनी नेम केला होता, "बिरू, जवाब नहीं आया, तो आदमी आयेगा. ऐसा गिनो." म्हणजे ज्याचे उत्तर नाही, तो येणार असे धरायचे. नाचाला तीन दिवस राहिले की मी मोजदाद करी आणि बाया-पुरुषांत जे कमी पडेल ते दुसऱ्या यादीतून भरून काढी. दुसरी यादी म्हणजे राखीव माणसे. छापील कार्डे तोवर संपलेली असत, म्हणून यांची कार्डे मी हाताने लिहीत असे. अक्षर माझे बरे होते.

मोजदाद पाटीवर जमेना. रोज नवी उत्तरे येत, पुसून पुसून पाटी पांढरी होई. मग मी आप्पांची रीत धरली. ते मेंढरे खड्यांवर मोजत. मी टेबलावर बायकांसाठी चिंचोके आणि पुरुषांसाठी भाजलेले शेंगदाणे मांडू लागलो. शेंगदाणे घरचेच, मंद्रूपहून येत. एक चिंचोका, त्यापुढे एक शेंगदाणा, अशी ओळ लावली की कोण उरते ते लगेच दिसे. फ्रेझर साहेबांना एकदा ते दिसले. त्यांनी एका शेंगदाण्याकडे बोट करून विचारले, "ये मैं हूँ?" मी हो म्हणालो. ते खूश झाले.

आता होटगीच्या मंडळींची गोष्ट. एका शनिवारी होटगीहून पाच जण यायचे होते. पुढे मालगाडीचे काहीतरी बिघडले आणि संध्याकाळची पॅसेंजर तिकडेच अडकली. इकडे पियानोवाला बोटे मोडत बसला, पाच बायका रिकाम्या, फ्रेझर साहेबांचा चेहरा लाल. साडेसातला पाचही जण आले. शेडकडे निघालेल्या एका मोकळ्या इंजिनावर उभे राहून आले होते. काळे सूट होते तसेच काळे, पण कोळशाच्या काजळीने पांढऱ्या शर्टाच्या छात्याही काळ्या! बायकांनी आपापले झगे आवरले. असल्या माणसांना कोण हात लावणार? मी ओला टॉवेल आणला, तर काळे आणखी पसरले. शंखजिऱ्याचा डबा मी सगळा फरशीवर रिकामा केलेला.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून मिस डिमेलो उठली. रेल्वेच्या शाळेत लहान मुलांना शिकवणारी बाई. पर्समधून तिने खडू काढला, समोरच्या ड्रायव्हरला "हलू नका" म्हणून इंग्रजीत सांगितले आणि फळा रंगवावा तशी त्याची छाती पांढरी केली. मग खडूचे तुकडे करून बाकीच्यांना दिले. सगळे हसले आणि नाच सुरू झाला. ज्याची छाती तिने पांढरी केली तो हॅरिस साहेब, होटगीचा ड्रायव्हर, बायको वारलेला, चाळिशीचा, फार न बोलणारा. त्याने तिला नाचायला विचारले. नाच संपला तेव्हा तिच्या निळ्या झग्यावर पुढे पांढरा पट्टा उमटला होता आणि तिने तो झटकला नाही.

मिस डिमेलो माझ्या दुसऱ्या यादीत होती. का, ते सांगताना आजही बरे वाटत नाही. तिचा रंग सावळा, माझ्याहून थोडाच उजळ. आडनाव गोव्याकडचे. वय पस्तिशीच्या पुढे. जन्म सोलापुरातला. आई लहानपणीच गेली आणि होटगीच्या एका आयाने तिला वाढवले, म्हणून मराठी अशी बोले की डोळे मिटून ऐकले तर आमची मावशी बोलते आहे असे वाटावे. फ्रेझर साहेब स्वतः भला माणूस, पण त्यांची मडम आणि तिच्या मैत्रिणी म्हणत, अगदी गरज पडली तर बोलवा. गरज बहुतेक वेळा पडे. म्हणून ती बहुतेक वेळा येई. आली की मागच्या ओळीत दाराजवळ बसे. पण खडूच्या त्या दिवसापासून हॅरिस साहेब दर नाचाला येऊ लागला आणि तिच्या प्रोग्रॅमवर दोनदा आपले नाव लिही, एकदा मधल्या नाचाला आणि एकदा शेवटच्या. बाकीच्या ओळी कोऱ्या. नाच संपल्यावर टाकून दिलेले प्रोग्रॅम गोळा करणे माझ्याकडे होते. तिचा कधी सापडला नाही. ती घरी नेई.

इन्स्टिट्यूटबाहेर ती दोघे भेटत नसत. गोऱ्या ड्रायव्हरने शाळेच्या सावळ्या बाईच्या क्वार्टरवर जाणे म्हणजे सगळ्या लाइनीत, रेल्वेच्या वसाहतीभर, बोभाटा. फरशीवर जे चालत होते ते रस्त्यावर चालत नव्हते. असे वर्षभर गेले. मग हॅरिस साहेबाची बदली झाली, लांब, इगतपुरीच्या घाटात. होटगीची माणसे त्याला फार मानत, म्हणून इन्स्टिट्यूटने ठरवले की या महिन्याचा नाच त्याच्या निरोपाचा करायचा. नाचानंतरच्या बुधवारी तो जाणार होता. शनिवारचा नाच हुकला की या दोघांनी पुन्हा एकमेकांना दिसण्याचे काही कारण उरत नव्हते. हे मला कळत होते. मनात म्हटले, बिरू, या वेळी एक बाई कमी पडू दे.

आणि तशी ती पडलीही. नाचाच्या आधीच्या बुधवारी मी ओळ लावायला बसलो. एकतीस पुरुष, तीस बायका. पण त्याच वेळी दवाखान्यातून निरोप आला की त्या तिसांतल्या दोन नर्स येतील की नाही ते सांगता येत नाही. मग येतील असे धरावे की न येतील असे, या विचारात मी बराच वेळ बसलो. थोड्या वेळाने दुसरा निरोप आला, येतात म्हणून. मी पुन्हा ओळ मोजली. तीस चिंचोके, तीस शेंगदाणे. बरोबर जुळले. मला थोडे आश्चर्य वाटले, पण म्हटले, मघाशी आपलेच चुकले असेल. राखीव कार्ड लिहिण्याचे कारण उरले नाही. मी हात झटकले आणि घरी गेलो.

शनिवारी साडेसहाला पियानो सुरू झाला. जोड्या फरशीवर आल्या आणि दाराजवळ एक माणूस एकटा उरला. ज्याच्या निरोपाचा नाच, तोच. फ्रेझर साहेब माझ्याकडे आले. "बिरू! एक औरत कम है!" मी सगळी खोली बोटांवर मोजली. एकतीस पुरुष. मग मला बुधवारचे टेबल आठवले आणि त्यावर, कोपऱ्यात, पडलेले एक लालसर फोलपट आठवले. विचार करता करता मी एक पुरुष खाल्ला होता.

हॅरिस साहेब माझ्याजवळ आला आणि त्याने हळूच विचारले, "मिस डिमेलो नहीं आयी?" ती दर वेळी येते म्हणजे या वेळीही येणार, असे त्याने धरले होते. तिला कधी आणि कसे बोलावतात हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हते. मी म्हटले, "अभी लाता," आणि सायकल काढली.

तिचे क्वार्टर शाळेमागे. ती व्हरांड्यात कंदिलापाशी बसून मुलांच्या वह्या तपासत होती. अंगात तोच निळा झगा, केस नीट बांधलेले, पायात नाचाचे बूट. पाच वाजेपर्यंत कार्डाची वाट पाहिली असणार, आणि मग उतरवायचे तरी कशाला म्हणून तशीच वह्या घेऊन बसली असणार. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मिसबाई, चला. हॅरिस साहेब थांबलेत."

"कार्ड?"

माझ्या खिशात कोरे कार्ड होते. सायकलच्या सीटवर ठेवून मी तिचे नाव लिहिले आणि दिले. तिने ते कंदिलाजवळ धरून वाचले आणि मला परत केले.

"बिरुबाबू, सात वरसं झाली. दर बारीला माजं कार्ड तुमच्या हातचं. छापील कदी आलं न्हाय. मला काय कळत न्हाय व्हय?"

मी तिला खरे ते सांगून टाकले. दोन याद्या, उत्तर न देणाऱ्यांचा नेम, चिंचोके, शेंगदाणे, सगळे. शेंगदाणा खाल्ल्याचे ऐकून ती मोठ्याने हसली. मग हसायची थांबली.

"म्हंजे तुमास्नी भूक लागली न्हाय तर मी यायची, आन् लागली तर न्हाय."

मी म्हटले, "चूक माझी आहे, मिसबाई. तुम्ही चला. ते परवा जाणार."

"बुदवारी जानार. मला म्हाईत हाय." तिने वहीवर बरोबरची खूण केली आणि दुसरी वही घेतली. "मी न्हाय येत. त्यास्नी सांगा, कुनी कमी पडलं म्हनून मी आता येत न्हाय. त्यांना माज्याशी काय बोलायचं आसंल तर हितं या म्हनावं. हितं खुर्च्या दोनच हायत."

मी परत आलो आणि माझ्या मोडक्या हिंदुस्थानीत हॅरिस साहेबाला शब्दाला शब्द सांगितले. त्याने माझ्याकडे बघितले, फरशीकडे बघितले, खुंटीवरची हॅट घेतली आणि आपला निरोपाचा नाच सोडून चालत निघाला. भर रस्त्याने, शाळेच्या दिशेने, सगळ्या लाइनीला दिसेल असा.

त्याच संध्याकाळी पुढचा नाच सुरू झाला तेव्हा फ्रेझर साहेबांनी खोली मोजली. तीस आणि तीस. "शाबास, बिरू! बराबर!" त्यांनी माझी पाठ थोपटली. भाषणाची वेळ झाली तेव्हा ते हातात चांदीची सिगारेटची डबी घेऊन उभे राहिले आणि डबी द्यायला माणूस नाही. "हॅरिस किधर है?"

मी म्हटले, "साहेब, हिसाब बराबर करने गया."

याबद्दल मला दोन महिने बिलियर्डच्या टेबलावर ब्रश मारायला लावले. मी आनंदाने मारला.

महिन्याभराने मला टपालाने एक कार्ड आले. छापील. आमच्या आमंत्रणाची कार्डे नवी पेठेतल्या ज्या छापखान्यात निघत, तिथलेच. मिस डिमेलो आणि हॅरिस साहेबाचे लग्न, नंतर शाळेच्या खोलीत चहा. लग्नाला पंधरा दिवस होते. म्हणजे मी पहिल्या यादीत होतो. मी आजवर किती कार्डे पाठवली त्याला गणती नाही, पण माझ्या नावाचे ते पहिले. मिस्टर बी. एम. काळे. मी ते चार वेळा वाचले आणि आप्पांना दाखवायला मंद्रूपला नेले.

इन्स्टिट्यूटमधल्या बऱ्याच जणांना कार्डे गेली होती. फ्रेझर मडमेला त्या दिवशी पुण्याला जायचे होते. तिच्या मैत्रिणींपैकी कोणाचे डोके दुखणार होते, कोणाच्या घरी पाहुणे येणार होते. आणि मी? मी धुतलेले धोतर, काळा कोट, लाल पटका असा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. आत खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या, होटगीचे चार-पाच ड्रायव्हर दिसत होते. मला वाटले, मी कोणाशेजारी बसणार? चहाचा कप कसा धरणार? आमच्या लोकांत कळले तर काय म्हणतील, साहेबाला कळले तर काय म्हणेल? अशा चार-सहा प्रश्नांची उत्तरे न सापडल्याने मी फाटकातूनच परत आलो. भित्रा होतो, दुसरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. मी स्टेशनवर गेलो, हातात मंद्रूपच्या भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी घेऊन. ती खिडकीशी बसली होती. हॅरिस साहेब खाली इंजिनाच्या ड्रायव्हरशी बोलत होता. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि काहीतरी सबब सांगू लागलो. आप्पांची तब्येत वगैरे. तिने मला बोलू दिले नाही.

"ऱ्हाऊ द्या, बिरुबाबू. मडमा येनार न्हाईत ह्ये मी धरलंच व्हतं. त्यांची तशी उत्तरं बी आली." पिशवी तिने मांडीवर ठेवली. "तुमचं उत्तर न्हाय आलं. आन् तुमचाच नेम न्हवं का, उत्तर न्हाय आलं तर मानूस येनार म्हनून मोजायचं? मी तुमची खुर्ची पयल्या वळीत मांडली व्हती."

गाडी हलली. ती रागावलेली नव्हती, हात हलवत होती, आणि ते मला जास्त लागले.

ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण खालचे 'उत्तर कळवावे' स्वच्छ वाचता येते. उत्तरासाठी अर्ध्या सोलापूरच्या मागे लागलेला माणूस मी, आणि तिला मी हो की नाही, दोन ओळींनीसुद्धा कळवले नव्हते.